सिद्रामअण्णा आणि पाळीचे बूट

सिद्रामअण्णा बूट घालण्याआधी ते भिंतीवर आपटायचे आणि आपटताना आधीच्या पाळीतल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात रबरी बूट माणसाचे नसत, पाळीचे असत. एकाने काढले की दुसऱ्याने तसेच ओले, गरम चढवायचे.

अण्णांचा हात तोंडाच्या आधी चालायचा. एकदा उकळत्या रंगाच्या हौदाकडे पाठ करून मी मोबाइल बघत मागे सरकत होतो, तेव्हा त्यांनी कानाखाली अशी वाजवली की मोबाइल हौदात गेला. मी वाचलो. त्या थपडेचा राग मला कधीच आला नाही.

आमच्या सगळ्यांच्याच पायांची नखं पिवळी, जाड होऊन भुगा व्हायला लागली. रंगाचा डाग म्हणून आम्ही सोडून दिलं. तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी आहे. दिवसभराची ओल, बंद बूट, तेही एकमेकांचे, मग तिला आणखी काय हवं? उतारवयात आणि साखर असणाऱ्यांना ती जास्त धरते. अण्णांना दोन्ही लागू होतं. नख सावकाश वाढतं, म्हणून गोळ्या काही महिने घ्यायच्या होत्या.

"तवर कोण थांबतंय?" अण्णा म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पक्कड घेतली आणि अंगठ्याचं नख आमच्यादेखत उपटलं. रक्त फरशीभर झालं. "मुळासकट काढलं की संपलं की," म्हणत त्यांनी पाय त्याच बुटात घातला. जखम चिघळली, काळी पडली आणि पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

पुढे ते आले ते पाळी बदलायच्या वेळी, काखेत कुबडी आणि हातात कोयता घेऊन. ओळीने ठेवलेले बूट त्यांनी उभे चिरले. मॅनेजर धावला, तर कुबडीचा तडाखा त्याच्या खांद्यावर बसला.

"माजा पाय गेला. ह्यात आता कुणाचा न्हाय जायचा. बोलव पोलिसाला."

पोलिसांनी त्यांना नेलं. पण अनवाणी हौदाशी कोण जाणार? काम बंद पडलं, तेव्हा मालकाने प्रत्येकाला बुटांचा वेगळा जोड दिला. अण्णांची नोकरी मात्र गेली.

नंतर मी होटगीला त्यांच्या घरी गेलो. "चप्पल काढ," म्हणत त्यांनी माझा पाय मांडीवर ओढला. वडीलधाऱ्या माणसाच्या मांडीवर पाय! मी मागे घ्यायला गेलो, तर त्यांनी घोटा असा आवळला की कळ मस्तकात गेली.

"गप बस की. गोळ्या घेतुयास न्हवं?"

"व्हय अण्णा."

एकेक नख त्यांनी दाबून पाहिलं. "बुडातनं चांगलं येतंय," म्हणाले, आणि माझा पाय काही सोडेनात.