पोपटांनी उष्टावलेली जास्वंद

बाळांनो, ब्रिस्बेनला तुमच्या काकाच्या परसात जास्वंद बहरली आहे. सकाळी परडी घेऊन गेले, तर रंगीबेरंगी पोपट उलटे लटकून फुलांतला मध पीत होते. मला बघताच त्यांनी एकच कलकलाट केला.

"आई, गणपतीला म्हणावं, आधी पाहुण्यांचा नाश्ता होऊ दे!" काकू खिडकीतून हसली.

मी पायरीवर बसून राहिले. ते उडाले तेव्हा त्यांच्या चोची परागांनी पिवळ्या झाल्या होत्या, जणू जेजुरीहूनच निघालेत. झाडावर एकही फूल कोरं नव्हतं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे तुम्हांला मीच शिकवलं. तरी त्यातलंच एक वाहिलं. गणपती नेहमीसारखाच प्रसन्न दिसला.

आता तुम्ही आलात की फुलं खुशाल हुंगा. मी रागावणार नाही.