बाळूभाऊंची गाडी आणि थंडीतली टकटक

माझ्या सख्ख्या मेव्हण्याला मी फोनवर लबाड म्हटलं, आणि तेही त्याच्या बहिणीसमोर.

वास्तविक बाळूभाऊ म्हणजे नको तितका सरळ माणूस. शोभाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, थोरला भाऊ. नागपूरला असतो. रस्त्यात सापडलेली छत्री घेऊन तीन दिवस मालकाला शोधत फिरणारा (पावसात, आणि ती न उघडता). अशा माणसाला लबाड म्हणायची वेळ आली ती एका गाडीमुळे.

नवं राज्य झालं आणि आमची बदली भोपाळहून रायपूरला झाली. राज्य नवं, माणसं कमी, त्यामुळे तिथे कारकून असलेला मी इथे उतरल्याबरोबर अधिकारी झालो. (आमचं खातं शंकर नगरातल्या एका बंगल्याच्या जेवणघरात बसवलं होतं. माझ्या खुर्चीमागे बेसिन होतं. लोक आधी हात धुवायचे, मग अर्ज द्यायचे.)

"अधिकारी माणूस स्कूटरवर बरा नाही दिसत," शोभा म्हणाली, आणि बाळूभाऊंनी आपली जुनी पांढरी गाडी आम्हाला दिली. देताना तिला हळदकुंकू लावलं, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "जावईबापू, पोरीसारखी सांभाळली आहे. हिच्याशी उंच आवाजात बोलू नका."

दिवाळीनंतर महिनाभर गाडी गुणी पोरीसारखी चालली. मग थंडी आली. रायपूरची थंडी म्हणजे पंधरा दिवसांची पाहुणी. उरलेलं वर्ष भाजून निघालेली माणसं त्या पंधरा दिवसांत घरातले सगळे स्वेटर वापरून घेतात. अशाच एका सकाळी, साडेसहाला, मीनलला, म्हणजे आमच्या मुलीला, कॉलेजात सोडायला निघालो. काचेवर दव म्हणून खिडकी उघडी ठेवली. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजन खडबडून जागं झालं, सगळी गाडी थरथरली, आणि कुठून तरी सुरू झालं: टक टक टक टक.

"हे काय?" मी म्हटलं.

आवाज थांबला. मी गप्प झालो, तसा पुन्हा सुरू. पुढे दहा मिनिटांनी गाडी तापली आणि सगळं शांत झालं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी बोललो की आवाज बंद. गाडी माझं ऐकतेय असं वाटून मी तिला दोनदा दटावूनही पाहिलं.

"उखळात कोणी सुपारी कुटून राहिलं असं वाटते," शोभा म्हणाली.

"टाइपराइटर है, पापा," मीनल म्हणाली. (तिला मराठी सगळं समजतं, फक्त बोलताना हिंदी निघते.)

गाडी धनेश मिस्त्रीकडे नेली. धनेश बीरगांवचा. आधी सिलतऱ्याला लोखंडाच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. तिथल्या धडधडाटात त्याचा डावा कान गेला, तेव्हा त्याने नोकरी सोडून गॅरेज काढलं. उरलेल्या एका कानाने तो इंजनाचं दुखणं ओळखतो, अशी त्याची ख्याती होती. पण दुपारच्या उन्हात माझी गाडी एका कानालाच काय, दहा कानांनाही काही ऐकवेना.

"आवाज निकाल के बताओ, भैया," धनेश म्हणाला.

गॅरेजात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. मी अधिकारी. तरी घसा साफ केला आणि आवाज काढला: टक टक टक टक. धनेश डोळे मिटून ऐकत होता.

"हव," तो होकाराची मान हलवत म्हणाला. "एकदम असली आवाज है. टॅपेट है."

(इतका हुबेहूब जमल्याचा मला थोडा अभिमानही वाटला.)

धनेशने टॅपेट, म्हणजे इंजनाच्या झडपा हलवणारे भाग, जुळवले. आवाज तसाच. थंडीत तेल घट्ट होतं म्हणून पातळ तेल घातलं. तसाच. पंख्याचा पट्टा बदलला. तसाच. मग मी स्वतः लक्ष घातलं. आवाज नीट ऐकू यावा म्हणून कानटोपी काढली. आवाज वाढला. मफलर काढला, चारही काचा खाली केल्या. आणखी वाढला. शेवटी नुसत्या शर्टावर बसून ऐकलं, तर आवाज असा कडकडून आला की इंजनाचा आता भरवसा नाही, याची मला खात्रीच पटली.

त्याच दिवशी मी नागपूरला फोन लावला. "बाळूभाऊ, गाडी खराब होती तर सांगायचं होतं. घरच्या माणसाशी अशी लबाडी?"

मग बाळूभाऊ एवढंच म्हणाले, "येऊन राहिलो मी." आणि फोन ठेवला.

शोभाने वळून माझ्याकडे पाहिलं. "माझ्या भावाले लबाड म्हटलं तुम्ही," ती म्हणाली, आणि त्यानंतर माझ्याशी मीनलमार्फत बोलू लागली. "मीनल, तुझ्या पप्पांले सांग, ताट वाढलं."

"पापा, खाना," मीनल अनुवाद करायची.

रविवारी सकाळी बाळूभाऊ रेल्वेने आले ते पिशवी हातात ठेवूनच थेट गाडीपाशी गेले. चहालाही नाही म्हणाले. धनेशलाही मी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बाळूभाऊ आत बसले, हळुवार चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजन सुरू. थरथर होती, टकटक नव्हती.

"कुठं आहे आवाज?"

"तुमचा हात लागला म्हणून," मी म्हटलं. "उतरा तुम्ही."

मी स्वेटर काढून नुसत्या शर्टावर आत बसलो, काचा खाली केल्या, तोंड घट्ट न मिटता शांत राहिलो. टक टक टक टक.

बाळूभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मी फसवलं नाही, जावईबापू. पण आवाज आहे. गाडी मी परत घेऊन जातो." शोभा पदराने डोळे पुसू लागली. मला वाईट वाटलं, पण माझं खरं ठरल्याचं समाधान जास्त होतं.

"रुको," धनेश म्हणाला. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक इंजनाला टेकवलं आणि मुठीला उजवा कान लावला. एका जागी ऐकलं, दुसऱ्या जागी ऐकलं. "इंजन साफ है. बंद करो."

मी किल्ली फिरवली. इंजन थांबलं. पंखा थांबला. टक टक टक टक.

सगळे बॉनेटमध्ये पाहत राहिले.

"पापा," मीनल म्हणाली, "इंजन तो बंद है."

धनेश खिडकीपाशी आला. त्याने स्क्रू-ड्रायव्हर स्टिअरिंगला टेकवला, मग माझ्या सीटला, मग खांद्याला, आणि शेवटी अगदी अलगद माझ्या हनुवटीला. कान लावून त्याने बराच वेळ ऐकलं.

"भैया, मुंह खोलो."

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे, जी मी इतका वेळ टाळली. त्याच महिन्यात मी वरची कवळी बसवली होती. अधिकाऱ्याला शोभत नाही म्हणून शोभाखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. कवळी जरा सैल होती. थंडीने जबडा थरथरला की ती वाजायची, आणि आवाज नीट ऐकण्यासाठी मी रोज थोडं थोडं जास्त गारठत होतो.

धनेशने स्क्रू-ड्रायव्हर फडक्याला पुसला. "ये इंजन का काम नहीं है," तो बाळूभाऊंना म्हणाला. "डेंटिंग का है."

शोभा स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखं हसणं ऐकू येत होतं. मी बाळूभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या, गाडीवरचा आळ गेला ना." मग पिशवी खाली ठेवून चहा मागितला.

पुढच्या हिवाळ्यात गाडी खरोखर वाजू लागली. आता कवळी नवी होती, पक्की होती. आवाज शंभर टक्के इंजनाचा होता. मी घरात सांगितलं. मीनल हसली. मी धनेशला बोलावलं, तोही हसला. शोभा पाण्याची वाटी घेऊन बाहेर आली.

"आधी दात काढा," ती म्हणाली.

मी निमूट कवळी काढून वाटीत ठेवली आणि गाडी सुरू केली. खड खड खड खड. मी विजयाने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणालो, "फांगून लाहिलो ना, गादीच आहे."

"काय म्हणून राहिले?" शोभाने मीनलला विचारलं.

"पता नहीं, मम्मी. पहले दाँत तो लगाने दो."

मी घाईघाईने कवळीवरचं पाणी झटकलं, ती बसवली, घसा साफ केला. तेवढ्यात इंजन तापलं, आणि आवाज थांबला.