पेडलवाल्या गिटारीचा जाणकार

एकदा का लोकांनी तुम्हाला 'जाणकार' म्हटलं, की मग किस्से शोधावे लागत नाहीत. तेच घरचा पत्ता विचारत येतात!

माझी नोकरी सातपूरच्या एका कंपनीत, तयार पार्ट तपासून पास-नापास करायची. पण आमच्या ऑर्केस्ट्रावाल्या कंपूत माझी ओळख वेगळीच. जुनी पेडल स्टील गिटार दाखवा, ती कुठली, केवढी जुनी, काय किमतीची, हे मी सांगणार! ही गिटार टेबलासारखी आडवी असते. तारांवरून लोखंडी बार सरकवायचा आणि पायाने पेडल दाबून सूर चढवायचा. नाशकात असल्या गिटारी मोजक्याच, त्यामुळे माझं चुकलं तरी पकडणार कोण?

*

ही पदवी दिली दिलीपने, आमच्या कीबोर्डवाल्याने. त्याच्याकडे एक गिटार आली होती. मी खाली वाकलो, उठलो आणि म्हणालो, "अमेरिकन आहे." सगळे गार!

खाली लेबल होतं. वाकलो, एवढंच माझं कर्तृत्व.

*

मग इंदिरानगरातून फोन आला. "आजोबांची पेडलवाली गिटार आहे, बघून जा." मी टॉर्च, भिंग, लोहचुंबक असा सगळा जामानिमा घेऊन गेलो. चादर जरा वर करून खाली डोकं घातलं आणि तिथूनच ओरडलो, "पेडल एकदम ओरिजिनल!"

आजी म्हणाल्या, "असणारच. सगळ्या कॉलनीच्या साड्यांना त्याच्यावरच तर फॉल लावलेत मी."

आजोबांनी साधी गिटार शिलाई मशीनच्या स्टँडवर ठोकून बसवली होती.

*

गिरणाऱ्याकडच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याने गिटारीची पेटी दाखवली. मी झाकण उघडलं, डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला. "हा जुन्या विलायती लाकडाचा वास. याची नक्कल होत नाही!"

"सायेब, मेथीचं बी हाय ते," तो म्हणाला. "लय वर्सं त्यातच ठेवतो. उंदीर नाय लागत."

*

माझ्या स्वतःच्या गिटारीवर एक लाल ठिपका आहे. आमच्या कंपनीत पास झालेल्या पार्टला असाच ठिपका देतात. त्यामुळे घरी येईल त्या पाहुण्याला मी सांगायचो, "बघा, परदेशातल्या कारखान्याची तपासणीची खूण!"

एकदा बायको पोहे घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, खंडेनवमीचं कुंकू आहे ते. दर वर्षी मीच लावते!"

पाहुण्यांनी पोहे मात्र मनापासून खाल्ले.

*

आणि नाना. आमच्या ऑर्केस्ट्राचे जुने स्टील गिटारवाले. सूर असा लावायचे की वन्स मोअर घेतल्याशिवाय पब्लिक सोडायचं नाही. आता मुलगा प्रशांत त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. फ्लॅट लहान. प्रशांतचं म्हणणं, गिटार खरंच किमती असेल तर विकून टाकू. नाना मात्र रोज संध्याकाळी ती पुसत बसायचे. बघवत नव्हतं.

किंमत करायला मला बोलावलं. जाताना ठरवलं होतं, नानांच्या मनासारखंच बोलायचं. पण गिटारीखाली शिरलो आणि माझ्यातला जाणकार जागा झाला! आत चार स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची प्लेट होती. सातपूरच्या कुठल्याशा वर्कशॉपची.

"प्रशांत, ही अमेरिकन नाही रे. आपल्या सातपूरचा माल आहे. काही येणार नाही हिचं."

नानांनी मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रशांत म्हणाला, "मग कशाला दगदग, काका? बाबांचा जीव आहे तिच्यात. टाकू टेम्पोत, बसवू कुठेतरी गॅलरीत."

तो टेम्पोवाल्याला फोन करायला आत गेला. मी नानांचा हात धरला. "नाना, सॉरी हो. तुमच्या वाद्याला असं बोलायला नको होतं मी."

नानांनी दाराकडे एकदा बघून घेतलं, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि सोडली. आत एक जुनी पितळी प्लेट. त्यावर इंग्रजीत कंपनीचं नाव, खाली 'मेड इन यूएसए'.

"ती पत्र्याची काल बसवली," नाना हळूच म्हणाले. "स्क्रू कोरे करकरीत, मला नुसती धाकधूक. पण दिलीप म्हणाला, 'नाना, बिनधास्त राहा. आपण त्यालाच बोलावू!'"