मुक्या राघूची चोच

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. इथले वडाखालचे आणि पांढऱ्या साडीचे अनुभव मी आवडीने वाचते, पण मनात येतंच – कोणी दोन प्रश्न नीट विचारले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझा स्वभावच खोदून विचारण्याचा. तरी आज मीच लिहायला बसलेय, कारण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर मला पन्नास वर्षांत मिळालेलं नाही.

निमित्त नातवाचं. घरचा कॉम्प्युटर बिघडलाच तर पुन्हा उभा करता यावा म्हणून परवा त्याने एक पेनड्राइव्ह तयार केला आणि मला समजावत बसला, "आजी, मशीन चांगलं चालू असतानाच हे करून ठेवायचं असतं. बंद पडल्यावर नाही." म्हटलं, बाबा रे, हे मला शिकवू नकोस. मी हे बहात्तर साली केलंय, नगरला, तोफखाना भागात.

तेव्हा घरातलं मशीन म्हणजे माग. माझं सासर साळ्यांचं. पुढच्या खोलीत हातमाग आणि त्याच्या डोक्यावर काठाची नक्षी काढणारं जेकॉर्ड यंत्र. त्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरायची. पट्टीला भोक असेल तिथला धागा वर उचलला जायचा, कोरं असेल तिथला खालीच राहायचा. एकशे बारा पट्ट्या फिरल्या की काठावर एक राघू तयार. सगळी अक्कल त्या पुठ्ठ्यात, माणसाने फक्त धोटा फेकायचा.

आमच्या राघूला चोच नव्हती. डोकं झालं की एकदम वेलच सुरू व्हायची. कधीतरी पट्ट्या तुटून हरवल्या असणार, कारण माळेत त्या जागी एक जाडजूड गाठ होती. पण कोणाला त्याचं काही वाटत नसे. बाजारात आमच्या लुगड्यांना 'मुका राघू' असंच नाव पडलं होतं.

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. उभ्या धाग्यांचा एक ताणा संपून दुसरा मागावर चढेपर्यंत चार-पाच दिवस माळ खाली उतरवली होती. मी ह्यांना विचारलं, "अहो, ही माळ खराब झाली तर?" म्हणाले, "खराब कशाला हुईल? आज्यापासून हाय ती." हे काही उत्तर झालं? मी माझी शाळेतली चौकटीची वही काढली आणि सासूबाईंना पुढ्यात बसवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्यांना मोतीबिंदू, दिसायचं अगदी कमी, पण बोटं तरबेज. दुपारची जेवणं झाली की त्या एकेक पट्टी चाचपत म्हणायच्या – भोक, भोक, कोरं, भोक... आणि मी चौकटीत फुल्या मारायची. एका पट्टीला एक ओळ, एका पानावर आठ ओळी. चार दुपारी त्यात गेल्या. हे येता-जाता हसायचे, "सासू-सुनंचं काय भजन चाललंय?"

मग तो दुष्काळाचा उन्हाळा आला. सूत मिळेना, गिऱ्हाईक दिसेना. गल्लीतले निम्मे माग बंद पडले आणि माणसं भिवंडीला पॉवरलूमवर निघून गेली. ह्यांनीही पत्र्याची पेटी भरून ठेवली होती. तेवढ्यात जामखेडच्या एका व्यापाऱ्याने लग्नसराईसाठी मुक्या राघूची लुगडी मागितली. ती पसंत पडली तर पुढचंही काम मिळणार होतं, नाहीतर हे भिवंडीला जाणार. मला ते जायला नको होते. उघड बोलायची सोय नव्हती, पण रात्रंदिवस डोक्यात तेवढंच होतं.

काम नीट व्हावं म्हणून ह्यांनी मऊ पडलेल्या पट्ट्यांना ज्वारीच्या पिठाची खळ लावली आणि माळ अंगणात उन्हात पसरली. दुष्काळात पुठ्ठ्याला पीठ लावून उघड्यावर ठेवायचं... दुसरं काय होणार? शेजारची शेळी आली आणि आरामात बसून आमचा राघू खाऊन गेली. अर्धीमुर्धी चघळलेली माळ हातात घेऊन हे अंगणातच बसले. म्हणाले तर एवढंच, "झालं. आता उद्याच्या गाडीनं जातो."

मी आत गेले आणि वही आणून त्यांच्या मांडीवर ठेवली.

आठवडाभर आम्ही दोघं पुठ्ठा कापत होतो आणि लोखंडी नळीवर हातोडी मारून भोकं पाडत होतो. एकेक पट्टी करायची, दोऱ्यात ओवायची. शेवटी हे मोजायला बसले आणि म्हणाले, "अगं, एकशे वीस भरत्यात."

पुन्हा मोजल्या. एकशे वीसच. एकशे बारा पट्ट्यांची चौदा पानं व्हायला हवीत, वहीत होती पंधरा. एक पान जास्तीचं. मी वही चार वेळा उलटीसुलटी केली. अक्षर – म्हणजे फुल्या – माझ्याच, शाई तीच, पानांचा क्रमही बरोबर. नवव्या पानापाशी राघूचं डोकं संपत होतं आणि हे पान नेमकं त्याच्यानंतरचं होतं.

"विणून बघू," मी म्हटलं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, वाटत होती ती नुसती उत्सुकता. हे मागावर बसले. डोकं झालं. जास्तीच्या आठ पट्ट्या एकामागून एक फिरल्या... आणि राघूला चोच आली. ज्वारीच्या दाण्याएवढी, वाकडी, सुरेख चोच. मग वेल सुरू झाली.

हे म्हणाले, "हा आपला काठ न्हाई. यापारी परत धाडंल. काढून टाकतो त्या आठ."

आत्याबाई पुढे आल्या. कापडावरून बोट फिरवलं, चोचीपाशी थांबल्या आणि आत गेल्या. आतून त्यांनी माझ्या लग्नाआधीच वारलेल्या आजेसासूबाईंच्या हातची जुनी गोधडी आणली. "मी लगीन करून आले तवाच ही शिवलेली हुती. माज्या सासूचं लग्नातलं लुगडं हाय हिच्यात. उसव गं."

मी एका बाजूचे टाके उसवले. वरचा थर, मधला थर, आणि त्याच्याखाली विटलेलं जांभळं लुगडं. काठ उजेडात धरला. राघू होता... आणि त्याला चोच होती. ह्यांनी मागावरचा काठ त्याच्याशेजारी लावून पाहिला, धाग्याला धागा जुळत होता. आत्याबाई म्हणाल्या, "मी आले तवापासनं राघू मुकाच बगितला. चोच हाय हे मलाबी ठावं न्हवतं. आता र्‍हाऊ दे ती."

व्यापारी आला, त्याने काठ डोळ्यांपाशी नेला. "ह्याला चोच कवा फुटली?" म्हणाला आणि सगळी लुगडी घेऊन गेला. दिवाळीचं कामही सांगून गेला. त्याच दुपारी मी ह्यांची पेटी रिकामी केली आणि तिच्यात सुताच्या लडी कोंबल्या, म्हणजे पुन्हा कपडे भरायचा विचारच नको. फार आनंद झाला होता मला.

पण डोक्यातला किडा स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी ज्वारी निवडायला बसलो तेव्हा आत्याबाईंना विचारलं, "त्या आठ पट्ट्या माळेत नव्हत्याच, मग तुम्ही वाचल्या कशा?"

"म्या कुटं वाचल्या?" त्या म्हणाल्या. "गाठीपाशी हात थांबला माजा. म्या गप बसले. तूच मान खाली घालून बोलत हुतीस नि लिवत हुतीस – भोक, भोक, कोरं. मला वाटलं, पोरीला समजलंय, करू दे."

"मी बोलत होते?"

"तूच की. दुसरं कोन हुतं घरात? आवाज तेवढा म्हातार्‍या बाईवानी लागला हुता. म्हटलं, सर्दी झाली आसंल."

यावर मी पुष्कळ डोकं चालवलंय. कुठे जुनं लुगडं पाहिलं असेल, आत्याबाईंना भास झाला असेल, सगळं धरून पाहिलं. कशानेच जुळत नाही. मला ते पान लिहिल्याचं आठवत नाही. पण त्या हिवाळ्यात मला सर्दी झाली नव्हती, हे पक्कं आठवतं.