साहेबांना पाण्यातनं कुणी काढलं

हे मी आजवर कुणापाशी बोललो न्हाय. पोरांना न्हाय, तालमीतल्या दोस्तांना न्हाय. आणि ज्यांना सांगायला पायजे हुतं, त्या साहेबांना तर न्हायच. माझी शाळा चौथीपतोर. शब्द वाकडे पडतील, पण खरं लिहीन.

साहेब गेल्या महिन्यात गेले. नव्वदीला टेकले हुते. काय माणूस हुता! बंधारे बांधणारा इंजिनियर, पण हापिसात बूड टिकायचं न्हाय. हाफ चड्डी, कापशी चप्पल, पिशवीत खर्डा-भाकरी, की निघाले. पन्हाळा म्हणजे त्यांचं अंगण. रांगण्याच्या जंगलात गवा आडवा आला की बाजूला सरायचे आणि हळूच म्हणायचे, "दगडू, घर त्याचं हाय. पावणं आपण." म्हातारपणी एकदा गुडघा अडला, तर गडावरनं बसून घसरत खाली आले. चड्डी मागनं फाटलेली. "ह्याला आमच्या इंजिनियरिंगमध्ये घसरगुंडी म्हणतात," म्हणाले, आणि पोरागत हसले.

मी त्यांच्या बंधाऱ्यावरचा माणूस. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या बसवायच्या, त्यांना बरगे म्हणतात. दोन ओळींच्या मधी माती भरायची, पाणी अडवायचं. पुढच्या पावसाआधी तेच बरगे काढायचे. माती तुडवायला साहेब स्वतः उतरायचे. बंधारा भरला की पहिली उडी त्यांची! आणि उडीच्या आधी नव्या माणसांना माझ्याकडं बोट करून सांगायचे, "हा दगडू नसता, तर मी नसतो."

कसं सांगू आता?

त्या साली बरगे काढायला आम्हाला उशीर झाला. घाटात पाऊस पडलेला, नदी चढायला लागली. माणसं काढलेले बरगे वर रचायला गेलती. एक बरगा अडकला. मी आकडा लावून ओढतोय, हलंना. साहेब म्हणाले, "सरक, मी बघतो." बरगा सुटला — आणि त्या फटीतनं पाण्यानं साहेबांनाच ओढून नेलं. पलीकडं एकदा डोकं दिसलं. एकदा नुसता हात.

मी पोहणारा. पाठीला डबा न बांधता पोहायला शिकलेला, गावात नाव असलेला. मी काय केलं? खांबावर उभा राहिलो. हातातला आकडासुदिक पुढं केला न्हाय. 

खाली माझी बायको, तानी, म्हैस धूत हुती. तिला पोहता येत नव्हतं. तिनं म्हैस पाण्यात घातली, एका हातानं शेपूट धरलं, दुसऱ्या हातानं साहेबांची मानगूट. म्हशीनं दोघांना ओढत काठाला आणलं आणि बुजून उसात घुसली. तानी पळाली तिच्या मागं. तवा कुठं मी खाली उतरलो. साहेबांना पालथं घातलं, पोटातलं पाणी काढलं. माणसं आली ती नेमकी तेवढ्यात. साहेबांनी डोळे उघडले, माझा हात धरला. "तू काढलंस, दगडू?"

"व्हय," म्हणलो.

तोवर तानी म्हैस घेऊन आली. चिंब भिजलेली. पण म्हैस धुणारी बाई भिजणारच की, कोण विचारतंय? तिनं सगळं ऐकलं. माझ्याकडं बघितलं. म्हैस हाकत घराकडं निघाली.

घरी गेल्यावर बोलली. "अवो पोहणारं, मान तुम्ही घ्या. माझ्या म्हशीला तेवढी पेंड आणा." आणि हसली!

पुढं दर पाडव्याला साहेब यायचे. मला फेटा बांधायचे, तिला लुगडं द्यायचे. "वहिनी, तुमच्या कुंकवाच्या पुण्याईनं जगलो." ती पदर तोंडात कोंबून चुलीकडं पळायची. साहेबांना वाटायचं, लाजली. ती आत हसून हसून रडकुंडीला यायची, आणि मी बाहेर फेट्यात. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं पेंड आणायचो. ती म्हैस मेली, मग तिच्या रेडीला आणली, मग रेडीच्या रेडीला.

एकदा तरी साहेबांनी आपल्याकडं बोट करावं, असं तिला वाटलं नसंल का? मी विचारलं न्हाय. विचारलं असतं, तर मग साहेबांना सांगावं लागलं असतं.

तानी दोन पावसाळ्यांमागं गेली. परवा साहेबांच्या शोकसभेत त्यांच्या लेकीनं मला पुढच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना वाचवलंत ते सांगा." आता कुणाची भीती हुती मला? उठलो. गव्याचं सांगितलं, घसरगुंडीचं सांगितलं. सगळी सभा हसली — साहेब असते तर सगळ्यात मोठ्यानं हसले असते. मग पाण्याचं सांगितलं. मी उडी मारली, म्हणलो. टाळ्या पडल्या.

घरी येताना पेंड घेतली. गोठा रिकामा हाय, ते दारात आल्यावर ध्यानात आलं.

त्या दिवसानंतर साहेब जे जे गड चढले, जे बंधारे बांधले, ज्या नातवंडांना पाठीवर घेऊन पोहले, ते सगळं तानीनं पाण्यातनं काढलं. मी खांबावर उभा हुतो.