नाणेघाटाच्या वाटेने माहेर

वैशाखऱ्याला आमचं घर माळशेजच्या रस्त्याला लागून आहे. नाणेघाट चढायला येणारी माणसं आमच्या अंगणात गाड्या लावतात, चहा घेतात आणि जेवण सांगून वर जातात. पावसाळ्यात पोरांचे घोळके येतात. मला मात्र थंडीतली माणसं आवडतात. ती सावकाश चालतात, झाडांची नावं विचारतात, परतल्यावर ओट्यावर बसून पाय चोळत गप्पा मारतात.

सासूबाईंना या सगळ्याचं हसू यायचं. "त्या दगडांत काय बगायचाय गो? आमी लाकडं आणाया जायचो तवा कोनी फोटो नाय काढला."

त्यांचं माहेर वर घाटमाथ्यावर. नवरी होऊन त्या याच वाटेने खाली उतरल्या होत्या. पुढे एसटी सुरू झाली आणि वाट सुटली. आईवडील गेल्यावर एसटीनेही जाणं कमी झालं. धाकट्या भावाशी भांडण वगैरे काही नव्हतं. लग्नकार्यात भेट व्हायची, सणाला फोन व्हायचा. सासरे वारल्यापासून तर त्या अंगणाबाहेर पडायलाच कंटाळा करायच्या.

मागच्या थंडीत कल्याणहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. वयाने सासूबाईंच्याच बरोबरीच्या. चहा पिता पिता त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही वर कधी गेला होतात?"

"डोईवर मोळी असायची तवा."

"मग आज मोकळ्या हातांनी चला की! मलाही सोबत होईल."

सासूबाई "नाय बा" म्हणत आत गेल्या. मला वाटलं, झालं. पण थोड्या वेळाने धुवट लुगडं नेसून बाहेर आल्या आणि माझ्या बुटांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे मला होतील का गो?"

अंगणातलं चहापाणी नवऱ्यावर सोपवून, पायात चपला सरकवून मीही निघाले.

रानातली वाट त्यांनी सहज पार केली. दगडी पायऱ्या लागल्या तशी धाप लागली. त्या आणि कल्याणच्या बाई एकमेकींचा हात धरून चढू लागल्या. एका वळणावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. तिथे सासूबाई बसल्या, ओंजळभर पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाल्या, "हितं माझा भाऊस रडून बसला होता. बारका होता. म्हने, मी आक्काला सोडून जानार नाय."

इतक्या वर्षांत हे त्या मला कधीच बोलल्या नव्हत्या. मी जरा पुढे जाऊन, रेंज मिळाली तिथून त्यांच्या त्या भावाला, म्हणजे आमच्या मामांना फोन लावला.

"मामा, आई घाट चढतायत."

"कुठला घाट?"

"नाणेघाट. पायी."

 मग ते म्हणाले, "तिला वर थांबव. मी निघालोच."

शेवटच्या पायऱ्या दोन कड्यांच्या मधून जातात. तिथे वारा असा अंगावर येतो की पदर धरावा लागतो. सासूबाई वर पोचल्या, मागे वळल्या आणि कोकणाकडे बघत उभ्या राहिल्या. खाली आमचं गाव, रस्ता, कापणी झालेली भातखाचरं. "आपला घर कुठला?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. "एवढासा?" म्हणून त्या हसल्या.

तेवढ्यात मामांची मोटारसायकल आली. त्यांनी टोपी हातात धरली होती. बहिणीजवळ आले आणि म्हणाले, "आक्का, एसटी बंद पडली का गं?"

"एस्टी चालू हाय रे. तू कवा आलास तिनं?"

मामांनी मान खाली घातली. सासूबाईंनी पुढे होऊन त्यांच्या गालावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली, आणि मग दोघंही रडता रडता हसायला लागले. कल्याणच्या बाई आपल्या मुलीला म्हणाल्या, "फोटो नको काढूस. राहू दे."

मामांनी आम्हा सगळ्यांना घरी नेलं. मामीने बाजरीच्या भाकऱ्या थापल्या, पिठलं केलं. पाहुण्या मायलेकी संकोचत होत्या, तर मामी म्हणाली, "तुम्ही आणलंत तिला. बसा." सासूबाई तिथे आठवडाभर राहिल्या.

त्या मुक्कामातच मामीशी बोलून त्यांनी ठरवलं. आता थंडीत आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही नाश्ता देतो आणि दुपारचं जेवण वर मामांकडे सांगतो. ज्यांना उतरायचं नसतं ते त्यांच्याकडे मुक्काम करतात, सकाळी पठारावर फिरतात, कड्यावरून ऊन खाली उतरताना बघतात. आमच्या तांदळाची पिशवी वर जाते, त्यांची बाजरी खाली येते.

सासूबाई दर वेळी चढत नाहीत, गुडघे दुखतात. पण कोणी बायामाणसं आली आणि घाबरत विचारू लागली, "आम्हाला जमेल का हो?" की त्या हातातलं काम बाजूला ठेवतात. "जमल, जमल. दमलाव तं बसा, परत उठा," म्हणतात, आणि रानाच्या कडेपर्यंत त्यांना सोडायला स्वतः जातात. यंदा त्यांनी स्वतःचे बूट घेतलेत.