बाळ बारीक राहू दे

माझी धाकटी जाऊ आमच्या घरात आली तेव्हा तिला नुकतं सोळावं लागलं होतं. बेळगुंदीची पोर, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होती. तेवढ्यात तिचे आजोबा वारले. आमच्याकडे रीत अशी, की घरात कुणी गेलं तर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? मी घरात तसं बोलून दाखवलं. पण मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे माझं बोलणं कुणी मनावर घेत नाही. निकाल लागला तेव्हा ती वडगावातल्या आमच्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. पास झाली होती. दिरानं पेढे आणले आणि पोरगी खूश झाली.

तिला दिवस गेले ते दिवाळीच्या सुमाराला. आता कुणाला वाटेल, सासूनं छळ केला असेल. छळ कसला! आत्ती, म्हणजे आमच्या सासूबाई, तिच्यावर जीव टाकायच्या. तिच्या डोक्याला तेल त्या स्वतः लावायच्या, जड घागर उचलू द्यायच्या नाहीत. आणि त्याच मायेनं त्यांनी तिचं ताट निम्म्यावर आणलं. सकाळी अर्धी भाकरी, रात्री अर्धी भाकरी आणि आमटी. दूध बंद, तूप बंद, केळ्याचं तर नाव नाही. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या रक्तवाढीच्या गोळ्या भिंतीतल्या देवळीत तशाच पडून राहिल्या. त्या खाल्ल्या की बाळ पोसतं म्हणे.

"पोर नाजूक हाय," आत्ती म्हणायच्या. "बाळ बारीक राहू दे. सुखानं सुटंल."

त्याला कारण होतं. आत्तींची थोरली लेक पहिल्याच बाळंतपणात गेली होती. बाळ अडलं, बैलगाडीतून दवाखान्यात नेईपर्यंत दोघंही गेली. बाळ लई मोठं होतं, असं तेव्हा सगळे म्हणाले आणि आत्तींनी ते मनात गाठ मारून ठेवलं. अशा बाईशी वाद काय घालणार? माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी हेच केलं होतं. पण मी तेविशीची, अंगानं दणकट, शिवाय चोरून खाण्यात पटाईत.

मी कांड्या भरताना पदराखालून तिला शेंगदाण्याचा लाडू द्यायचे. ती हावरटासारखा अर्धा खायची आणि मग घाबरून उरलेला परत करायची. "नगं आक्का. बाळ अडलं म्हंजे?" तिलाही आत्तींच्या लेकीची गोष्ट कुणीतरी सांगितली होती. उपाशी राहणं तिला शहाणपणाचं वाटायला लागलं होतं. मला तिचा राग यायचा.

सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मग तिला बेळगुंदीला पाठवायचं, असं ठरलं. आमच्याच मागावर विणलेली हिरवी साडी तिला नेसवली. कासारीण चुडा भरायला बसली, तर बांगडी मनगटावर चढेना. हात सुजून टम्म झाले होते. साबण लावून, हात दाबून दाबून कशीबशी एकेक बांगडी चढवली. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पायाचंही तेच, जोडवी रुतून बसली होती. चेहरा तर भाकरीसारखा फुगलेला.

आणि गल्लीतल्या बायका कौतुक करत होत्या! "व्हय गं, पोरगी अंगावर आलीया. सासूनं चांगलं पोसलंय." आत्तींचा चेहरा मात्र काळजीनं उतरला. मला चुलीपाशी ओढून म्हणाल्या, "बघ, एवढं कमी घालून बी वाढतीया. उद्यापासनं भात बी बंद कर."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाटावरून तिनं मला हाक मारली. "आक्का, डोकं लई दुखतंय. समोरचं दोन-दोन दिसतंय."

दृष्ट लागली, असं सगळ्यांचं एकमत झालं. आत्ती मीठ-मिरच्या आणायला आत वळल्या आणि पोरगी पाटावरून कलंडली. डोळे फिरले, दात आवळले, सगळं अंग झटके देऊ लागलं. कुणी म्हणालं, अंगात आलं. कुणी म्हणालं, बाहेरचं लागलं. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या खोलीतले माग बंद पडले आणि माणसं धावत आली. तिला रिक्षात घातलं तेव्हा तिची ओटी भरायची तशीच राहिली होती.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी, आमच्या सीमाभागात चालतं तसं, कन्नडमध्ये वय विचारलं. आमच्या घरानं "एकोणीस" हे उत्तर पाठ करून ठेवलेलं होतं. सासरे भिंतीकडे बघायला लागले. आत्तीच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "सोळा. आता सतरावं लागलंय." मग पोलीस आले, दिरामागं कोर्टाच्या फेऱ्या लागल्या, ते वेगळं रामायण.

रक्तदाब डोक्यात गेला होता, अंगात रक्त नव्हतं. ती सूज म्हणजे दुखणं होतं, बाळसं नव्हे. पोट फाडून बाळ काढलं. मुलगी. ओंजळीत मावेल एवढी, कातडीखालच्या शिरा दिसणारी. आई जगेल की बाळ, की कुणीच नाही, हे कुणी सांगेना.

आत्तींनी डॉक्टरीणबाईंना गाठलं. "बाळ बारीक असलं तर बरं असतंय की हो! माझी लेक मोठ्या बाळापायी गेली."

"तिचं वय किती होतं?"

"पंधरा."

"आज्जी, बाळ मोठं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. "तुमची लेक लहान होती."

आत्ती तिथंच फरशीवर बसल्या. इतक्या वर्षांचं रडणं त्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून रडल्या. मला त्यांची इतकी कीव कधी आली नव्हती.

नर्सनं सांगितलं तसं, बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची होती. मी पुढे झाले तर आत्तींनी मला बाजूला सारलं. कधी चारचौघांत पदर ढळू न देणारी ती बाई, चोळी सोडून बाळाला उराशी बांधून बसून राहिली. लघवीला उठायच्या तेवढंच.

आज ती मुलगी अंगणवाडीत जाते. वयाच्या मानानं बारीक आहे, उशिरा चालली, उशिरा बोलली, आता माझ्याशी भांडते. धाकटीची रक्तदाबाची गोळी सुटलेली नाही, विशीच्या आतच म्हातारपणाचं औषध. पण दोघी आहेत.

तेव्हा दवाखान्यात धाकटी शुद्धीवर आली ती दुपारची वेळ होती. नर्सला विचारून आत्ती बाळाला तसंच पदराखाली घेऊन तिच्या खाटेपाशी आल्या. तिनं इकडे तिकडे बघितलं. "ओटी भरून झाली?" तिनं विचारलं. तिला काहीच आठवत नव्हतं.

"बाळ झालं गं," मी म्हणाले.

"कुणाला?"

आत्तींनी पदर बाजूला केला. ती त्या एवढ्याशा तोंडाकडे बघत राहिली. मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला, तिथं पट्टी लागली. आत्ती हुंदके देत म्हणाल्या, "माझं चुकलं गं पोरी. मी तुला उपाशी मारली."

त्यांनी काय केलं होतं, ते तिला कळलं नसावं. सलाइन लावलेला हात उचलून तिनं आत्तींचे डोळे पुसले. "रडू नगा आत्ती," ती म्हणाली. "मला लई भूक लागलीया."

आत्तींच्या छातीशी बाळ बांधलेलं, त्यांना उठता येईना. त्या माझ्यावर खेकसल्या, "बघत काय उभी ऱ्हायलीस? जा की, आण कायतरी!"

मी नर्सला विचारलं. ती हो म्हणाली. खाली कँटीनमध्ये मऊ इडल्या होत्या, मी पळतच जाऊन होत्या तेवढ्या आणल्या.